संकल्पना आधी की जागा आधी? वाईच्या घाटालगतच्या ग्रंथालयाचा स्टुडिओ प्रकल्प

प्रश्न — घाटवाट (वास्तुकला, तृतीय वर्ष)

सर्वांना नमस्कार.

या सत्रात आमच्या डिझाइन स्टुडिओला वाई येथे कृष्णाकाठी एक संदर्भ-ग्रंथालय आणि अभ्यासकेंद्र हा विषय दिलेला आहे. बांधकाम साधारण 1,500 चौरस मीटर, त्यात ग्रंथसंग्रह, वाचनकक्ष, व्याख्यानासाठी एक दालन, दोन-चार अभ्यासकांच्या निवासाची सोय आणि कार्यालय. जागा गणपती घाटाच्या मागच्या अंगाला, घाटाची शेवटची पायरी आणि जुन्या वाड्यांची आळी यांच्या मधली अशी गृहीत धरलेली आहे. संस्कृत विद्येची प्राज्ञपाठशाळा आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली उभा राहिलेला मराठी विश्वकोश ही दोन्ही कामे याच गावातली असल्यामुळे विषय मला मनापासून आवडला.

अडचण संकल्पनेची आहे. जागा पाहण्याआधीच शंभर शब्दांत संकल्पना लिहून द्यायची होती, त्यानुसार मी ‘ज्ञानप्रवाह’ अशी कल्पना मांडली. नदीच्या वळणावरून घेतलेल्या चार वक्र भिंती प्लॅनमध्ये एकमेकींना समांतर जातात, त्यांच्या मधल्या पट्ट्यांत वाचनकक्ष आणि ग्रंथसंग्रह येतात आणि वरची छपरे उघडलेल्या पुस्तकाच्या पानांसारखी उचललेली आहेत. मधल्या ज्युरीत, म्हणजे परीक्षकांपुढच्या सादरीकरणात, एका परीक्षकांनी सांगितले की संकल्पना इमारतीत उतरलेली नाही. दुसऱ्यांचे म्हणणे नेमके उलटे होते: इमारतीत संकल्पनेखेरीज दुसरे काहीच दिसत नाही. दोन्ही आक्षेप मला एकाच वेळी पटले, आणि म्हणूनच पुढे काय करावे ते सुचत नाही.

आपली संकल्पना खरोखर काम करते आहे की केवळ शीटच्या कोपऱ्यात लिहायची ओळ आहे, हे कसे ओळखावे? संकल्पना जागेच्या अभ्यासाआधी असावी की त्यातून निघावी? अंतिम ज्युरीला अजून काही आठवडे आहेत, तेव्हा ‘ज्ञानप्रवाह’ सोडून द्यावा का, याबद्दलही कृपया स्पष्ट मत द्यावे.

---

उत्तर — चिरेबंदी (व्यवसाय, पुणे)

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुमच्या जागेपासून काही पावलांवर उभे आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. ढोल्या गणपतीचे मंदिर गणपतराव भिकाजी रास्ते यांनी 1762 मध्ये बांधले. ते थेट घाटावर, पुराच्या वाटेत आहे. पुढून पाहिले तर एरवीसारखेच मंदिर दिसते, पण मागे जाऊन पाहा. मागची भिंत सपाट नाही. ती माशाच्या आकाराची, प्रवाहाच्या दिशेला निमुळती होत गेलेली आहे. पुराचे पाणी त्या टोकावर दुभंगते आणि दोन्ही अंगांनी वाहून जाते. काळ्या दगडाच्या त्या भिंतीला हात लावून तिची वक्ररेषा कुठे सुरू होते, कुठे संपते, हे स्वतः मोजा आणि तिचा प्लॅन काढा.

आता ही वक्ररेषा तुमच्या चार वक्र भिंतींशेजारी ठेवून पाहा. दोन्ही नदीवरूनच आलेल्या आहेत. तुमच्या भिंतींनी नदीचे रूप उचलले आहे, तर मंदिराच्या भिंतीने नदीचा जोर लक्षात घेतला आहे. तुमची भिंत अर्ध्या मीटरने अधिक वळली किंवा पूर्ण सरळ झाली तरी इमारतीचे काही बिघडत नाही. मंदिराची मागची भिंत सरळ केली तर ती पाण्याचा सगळा मारा अंगावर घेईल. जिला बदलले की इमारतीचे काहीतरी बिघडते, तिलाच मी संकल्पना म्हणतो.

याची एक परीक्षा सांगतो, जी मी आमच्या कार्यालयात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला करायला लावतो. तुमची संकल्पना एका वाक्यात लिहून, कोणतेही चित्र न दाखवता, एखाद्या वर्गमित्राला द्या आणि त्याला विचारा की या वाक्यावरून जिना कुठे यावा, स्वच्छतागृहे नदीकडे असावीत की आळीकडे, पुस्तकांच्या कक्षाला खिडकी असावी की नसावी. वाक्य वाचून त्याला निदान दोन-तीन निर्णय घेता आले, तर संकल्पनेत दम आहे. ‘ज्ञान नदीसारखे वाहते’ हे वाक्य सुंदर आहे, पण जिन्याबद्दल ते काहीही सांगत नाही, आणि म्हणूनच तुमच्या जिन्याचे स्थान शेवटी उरलेल्या कोपऱ्यावरून ठरले असणार.

माझे मत स्पष्ट आहे. ‘ज्ञानप्रवाह’ सोडा, पण नदी सोडू नका.

---

उत्तर — सोपा-माजघर (अध्यापन, नागपूर)

चिरेबंदी यांचा मुद्दा मला मान्य आहे, तरी त्यातून रूपकांवर सरसकट बंदी घालावी असा अर्थ विद्यार्थ्यांनी काढू नये असे मला वाटते. आपल्याकडच्या काही उत्तम इमारती रूपकातूनच जन्मल्या आहेत. चार्ल्स कोरिया यांचे जयपूरचे जवाहर कला केंद्र नवग्रहांच्या मंडलावर बेतलेले आहे. नऊ चौरस, प्रत्येक चौरस एका ग्रहाचा. त्यातला एक चौरस जागेवरून सरकवून वळवलेला आहे, कारण जयपूर शहराच्या मूळ आखणीतही डोंगरामुळे एक चौरस असाच बाजूला गेला आहे. त्या सरकण्यातूनच आत येण्याची वाट तयार होते. म्हणजे कथा पुराणातली आणि शहराच्या इतिहासातली असली, तरी तिच्यातून मिळालेला निर्णय पूर्णपणे वास्तूचा आहे: माणूस कुठून आत येतो.

पुण्यातले उदाहरण तुम्हाला जवळ पडेल. विद्यापीठाच्या आवारातील आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेची इमारत कोरियांचीच आहे आणि तिचा विषय विश्व हा आहे. मध्ये पायऱ्यांचे कुंड आहे आणि त्याभोवती संस्था उलगडत जाते. तेथील भिंतीजवळ उभे राहून खालून वर पाहा. खाली स्थानिक काळा दगड, त्यावर अधिक काळा कडप्पा आणि सर्वांत वर चकचकीत काळा ग्रॅनाइट, ज्यात आभाळ आणि ढग उमटतात, अशी ती रचना आहे. भिंत कुठे संपते आणि आकाश कुठे सुरू होते, हे क्षणभर कळत नाही. ‘विश्व’ हा शब्द कोणत्याही पाटीवर लिहिलेला नसता तरी ही भिंत तेच सांगत राहिली असती, आणि तेही दगडांच्या क्रमातून सांगितले असते.

उलट बाजूचे उदाहरणही घ्या. साबरमती आश्रमातील गांधी स्मारक संग्रहालय, 1963 सालचे, हेही कोरियांचेच. तिथे रूपक जवळजवळ नाहीच. 6 मीटर बाय 6 मीटरचा खण, म्हणजे चार खांबांमधला एक चौकोन, विटांचे खांब, वर कौलारू उतरते छप्पर, काचेऐवजी लाकडी झडपा. काही खण भिंतींनी बंद, काही मोकळे, एका ठिकाणी पाणी. संग्रह वाढला तर खण वाढवता यावेत, ही त्यामागची मूळ धारणा. एकाच वास्तुकाराने एकदा गोष्टीतून आणि एकदा मोजमापातून सुरुवात केली. त्यामुळे ‘आधी काय’ या तुमच्या प्रश्नाला एकच उत्तर नाही. मात्र दोन्ही वाटांवर एक टप्पा टाळता येत नाही: कल्पनेला लवकरात लवकर छेदात, म्हणजे इमारत उभी कापल्यावर दिसणाऱ्या सेक्शनच्या चित्रात, उतरवणे.

इथे मला आपल्या स्टुडिओच्या पद्धतीबद्दलही बोलायचे आहे. जागा पाहण्याआधी शंभर शब्द लिहून घेण्याची प्रथा अनेक महाविद्यालयांत आहे आणि तिच्यामागचा हेतू चांगला असतो. विद्यार्थ्याने काही भूमिका घेऊन जागेवर जावे, रिकाम्या मनाने छायाचित्रे काढून परतू नये. परंतु ते शंभर शब्द नंतर दगडावरची रेघ मानले जातात, हे चुकीचे आहे. मी विद्यार्थ्यांना तेच शंभर शब्द दर टप्प्यावर पुन्हा लिहायला लावतो आणि जुने खोडू देत नाही. अंतिम ज्युरीत सर्व आवृत्त्या एकाखाली एक लावल्या, की विचार कसा पुढे गेला हे परीक्षकांना आपोआप दिसते.

तुमच्या प्रकल्पाबाबत एवढेच सुचवेन की प्लॅन काही काळ बाजूला ठेवावा. नदीचे पात्र, घाटाच्या पायऱ्या, तुमची जागा, आळी आणि पलीकडचा वाडा हे सगळे एकाच लांब छेदात 1:200 प्रमाणात काढावे. छेदात पाण्याची उन्हाळ्यातली आणि पावसाळ्यातली पातळी दाखवावी. बटर पेपरवर, हाताने. संगणकावर सुरुवातीलाच छपरांची रेंडर चित्रे काढली की डोळा त्या छपरांच्या प्रेमात पडतो आणि मग जमीन पाहायचीच राहून जाते.

---

उत्तर — धर्मपुरी (निवृत्त अभियंता, वाई)

मी वास्तुविशारद नाही, पण पाटबंधाऱ्यांच्या कामात आयुष्य गेले आणि घर याच गावात आहे, म्हणून लिहितो.

छेद काढताना पाण्याच्या पातळ्या अंदाजाने दाखवू नका. नदीकाठच्या गावांसाठी दोन पूररेषा आखलेल्या असतात. साधारणपणे 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा आणि 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत नवे बांधकाम सहसा करता येत नाही, उद्यान-मैदान अशा मोकळ्या वापरालाच वाव असतो. दोन रेषांच्या मध्ये बांधायचे तर वापराची पातळी लाल रेषेच्या वर न्यावी लागते. तुमची जागा कल्पित असली तरी या दोन आडव्या रेषा छेदावर ओढल्याशिवाय पुढचे काहीही काढू नये. वाईच्या वर धोम धरण आहे. पावसाळ्यात विसर्ग वाढला की घाटाच्या पायऱ्या एकेक करून पाण्याखाली जातात.

पूर ओसरल्यावर काय होते, हेही विद्यार्थ्यांनी पाहिले पाहिजे. पायऱ्यांवर आणि ओवऱ्यांत गाळ बसतो. तो ओला असतानाच पाण्याच्या झोताने धुवून नदीकडे लोटावा लागतो; एकदा वाळला की खरवडून काढावा लागतो. ज्या फरशीला नदीकडे उतार आहे आणि जिच्यावर कोपरे-कपारी नाहीत, ती लवकर स्वच्छ होते. तळमजल्यावर पुठ्ठ्याची छतपट्टी, लाकडी तक्तपोशी किंवा विजेचा मुख्य फलक ठेवणारा माणूस पहिल्याच पुरात पस्तावतो. उद्वाहकाचा (लिफ्टचा) खड्डाही तळाशी असतो आणि त्यात पाणी सर्वांत आधी शिरते.

आणखी एक गोष्ट. कृष्णामाईचा उत्सव वाईच्या घाटांवर पाळीपाळीने होतो. मांडव पडतो, देवीची स्थापना होते, कीर्तने होतात, पंगती बसतात. हे सगळे नदीला पाणी कमी असते त्या दिवसांत. घाटाला लागून तुम्ही उंच भिंत घातलीत तर उत्सवाच्या वेळी गावाचा श्वास कोंडेल. आळीतून नदीकडे जाण्याची वाट तुमच्या इमारतीतून, तिच्या खालून किंवा बाजूने, पण उघडी राहिली पाहिजे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

---

प्रश्नकर्तीचे उत्तर — घाटवाट

आपणा सर्वांचे मनापासून आभार. आपण सुचवल्याप्रमाणे लांब छेद काढला आणि त्यावर दोन्ही पूररेषा घातल्या. लाल रेषा माझ्या तळमजल्याच्या मधोमध जाते, म्हणजे ज्ञानप्रवाहाच्या सगळ्या वक्र भिंती आणि त्यांच्यामधली पुस्तके पाण्यात आहेत. चर्चा करण्यासारखे त्यात काही उरले नाही.

आता नवी मांडणी अशी आहे. खालचा मजला पूर्ण मोकळा, दगडी फरशीचा, नदीकडे उतार असलेला. पावसाळ्यात तो नदीचा आणि उरलेल्या दिवसांत गावाचा. पुस्तके सर्वांत वर. वाचक मधल्या मजल्यावर, जिथून घाट दिसतो. वाक्यात लिहायचे तर: ‘पाण्याला खाली जागा, पुस्तकांना वर, आणि दोहोंच्या मध्ये वाचणारा माणूस.’ वर्गमैत्रिणीला हे वाक्य दिले तेव्हा तिने जिना आळीच्या बाजूला, पुराच्या पाण्यापासून दूर काढला. मीही तिथेच काढला होता.

मात्र स्ट्रक्चर शिकवणाऱ्या सरांनी वेगळी शंका काढली. ग्रंथसंग्रह सर्वांत वर नेणे म्हणजे सर्वांत जड वस्तू सर्वांत उंच ठेवणे, आणि तेही खाली मोकळ्या खांबांवर. हा निव्वळ तांत्रिक प्रश्न समजून नंतर सोडवावा, की संकल्पनाच बदलावी?

---

उत्तर — चिरेबंदी

हा प्रश्न नंतरसाठी ठेवू नका, कारण तुमच्या प्रकल्पातला खरा ताण हाच आहे. भारतीय मानकाप्रमाणे राहत्या घराच्या मजल्यासाठी प्रति चौरस मीटर 2 किलोन्यूटन भार धरतात. ग्रंथालयाच्या पुस्तकसाठ्यासाठी 2.2 मीटर उंचीपर्यंत किमान 6 किलोन्यूटन, आणि त्याहून उंच मांडण्या असतील तर दर मीटरला आणखी 2 किलोन्यूटन. म्हणजे घराच्या तिप्पट किंवा अधिक. पुस्तकाला वजनामुळे जमिनीवर राहायचे आहे आणि पुरामुळे त्याला वर जावे लागते आहे. या ओढाताणीतून जी इमारत निघेल ती फक्त नदीकाठच्या ग्रंथालयाचीच असेल. तिला उचलून दुसऱ्या गावात ठेवता येणार नाही.

भार जास्त असेल तेव्हा गाळे, म्हणजे खांबांमधली अंतरे, लहान ठेवावेत, म्हणजे तुळया उथळ राहतात. पुस्तकांच्या भागाखाली साडेतीन-चार मीटरचे खण धरा. शेजारच्या आळीतले वाडेही खणांतच मोजले जातात, त्यामुळे तुमच्या इमारतीची लय त्या वस्तीशी आपसूक जुळेल आणि त्यासाठी एकही नक्षीदार महिरप चिकटवावी लागणार नाही. व्याख्यानाचे दालन मात्र या खणांत बसवू नका. त्याला मोठा गाळा हवा आणि त्यावर पुस्तके नकोत. मोकळ्या तळमजल्याच्या खांबांना भूकंपाच्या दृष्टीने आडवा आधार लागेल, तेव्हा जिन्याभोवतीच्या आणि स्वच्छतागृहांच्या भिंती पायापासून वरपर्यंत काँक्रीटच्या सलग न्या. वाई सातारा जिल्ह्यात आहे, कोयनानगरही याच जिल्ह्यात आहे. 1967 च्या कोयना भूकंपानंतर या भागात ही गोष्ट कोणी दुर्लक्षिलेली चालत नाही.

---

उत्तर — धर्मपुरी

खांबांबद्दल एक पुरवणी. जवळजवळ उभे असलेले खांब पुरात वाहून आलेल्या फांद्या, झुडपे, प्लास्टिक अडवतात. अडलेल्या कचऱ्यामुळे पाणी तुंबते आणि खांबांवर दाब वाढतो. खांबांच्या रांगा प्रवाहाला समांतर ठेवा आणि खांब लांबट घेऊन त्यांची वरच्या प्रवाहाकडची कड निमुळती किंवा गोल करा. पुलाचे खांब असेच असतात, आणि ढोल्या गणपतीची मागची भिंतही त्याच कारणाने तशी आहे. ज्या भिंतीजवळ तुम्हाला मोजायला पाठवले आहे, तिचा उपयोग तुमच्या खांबाच्या आकारासाठी करता येईल.

---

उत्तर — कोनाडा (अंतिम वर्ष)

सादरीकरणाबद्दल थोडे सांगते. छेद हीच तुमची मुख्य शीट असू द्या. पहिल्या शीटवर प्लॅन लावण्याची सवय मोडायला काही हरकत नाही. सनबोर्डचे असे मॉडेल करा की ते छेदाच्या रेषेवर उघडता येईल, आणि पुराच्या दोन पातळ्यांसाठी पारदर्शक अ‍ॅक्रिलिकच्या दोन पट्ट्या त्यात सरकवता येतील. परीक्षकाने स्वतःच्या हाताने पट्टी सरकवली की वेगळे स्पष्टीकरण फारसे लागत नाही. ‘ज्ञानप्रवाह’ लिहिलेली पहिली आवृत्ती जपून ठेवा, सोपा-माजघर सरांनी म्हटल्याप्रमाणे तीही लावा.

---

उत्तर — सोपा-माजघर

नवे वाक्य चांगले आहे आणि ते निर्णय घेते आहे, हे पाहून समाधान वाटले. आता त्याच वाक्याला आणखी एक प्रश्न विचारावा: मधल्या मजल्यावर पोचायचे कसे?

वयस्क वाचक आणि चाकाच्या खुर्चीवरून येणारे अभ्यासक गृहीत धरले पाहिजेत. उद्वाहक ठेवालच, पण धर्मपुरी यांनी सांगितल्याप्रमाणे पुराच्या दिवसांत तो बंद राहील. रॅम्पचा चढ 1:12 पेक्षा तीव्र नसावा आणि दर 9 मीटरला सपाट विसावा असावा. वाचनाचा मजला घाटमाथ्यापासून 3.6 मीटर उंच धरला, तर नुसत्या चढाची लांबी 43.2 मीटर होते, विसावे वेगळे. 1,500 चौरस मीटरच्या इमारतीत एवढा रॅम्प कोपऱ्यात लपवता येत नाही. तो इमारतीचा मुख्य भाग होणार, हे आधीच मान्य करून बसावे.

मग त्याला केवळ चढण्याची वाट का ठेवावी? विसाव्यांची लांबी थोडी वाढवून तिथे बसण्याचे ओटे दिले, एका अंगाला वर्तमानपत्रांच्या आणि नियतकालिकांच्या मांडण्या लावल्या आणि दुसरे अंग नदीकडे उघडे ठेवले, तर आळीतून आलेला माणूस ग्रंथालयात शिरण्याआधीच वाचू लागेल. रॅम्पची सुरुवात आळीच्या पातळीवरून, लाल रेषेच्या वरच्या बिंदूपासून करता येते का, हे कॉन्टूर, म्हणजे जमिनीच्या उंचीच्या रेषा, पाहून तपासा. आळी घाटापेक्षा उंच असल्यास चढ बराच कमी होईल. या वाटेला कुठे वळण द्यावेसे वाटले तर द्या. उत्सवाच्या मांडवाला जागा सोडण्यासाठी किंवा एखादे जुने झाड वाचवण्यासाठी ते वळण येत असेल, तर त्याची त्रिज्या किती असावी हे तुम्हाला कोणाला विचारावे लागणार नाही.

पुढच्या वेळी रॅम्पचा उलगडलेला छेद आणि आळीच्या बाजूची पातळी, एवढ्या दोन गोष्टी इथे टाका. व्याख्यानाच्या दालनाबद्दल त्यानंतर बोलू.